लायसन्स पेशंटच्या राज्याचं: अमेरिकेतल्या स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्टची गोष्ट

न्यू जर्सीत राहणाऱ्या एका आईचा फोन आला. मुलगा साडेतीन वर्षांचा. घरात मराठी, डे-केअरमध्ये इंग्रजी, आणि तो दोन्हीकडे मोजकेच शब्द बोलतो. पुण्यातली एक स्पीच थेरपिस्ट तिच्या मावसबहिणीच्या ओळखीची. अनुभवी, मराठीतून थेरपी देणारी, फीसुद्धा परवडणारी. "आठवड्यातून दोनदा झूमवर करायचं ठरवतोय. चालेल ना ताई?"

त्याच आठवड्यात मुंबईत बीएएसएलपीच्या, म्हणजे वाचा आणि श्रवण या विषयांच्या पदवीच्या, शेवटच्या वर्षाला असलेल्या एका मुलाचा मेसेज: "मॅडम, अमेरिकेत प्रॅक्टिस करायला कुठली परीक्षा द्यावी लागते?"

मी स्वतः मुंबईत शिकले, मग अमेरिकेत मास्टर्स केलं आणि आता तिथेच काम करते. त्यामुळे असे प्रश्न मला नेहमी येतात. या दोघांची परिस्थिती अगदी वेगळी, पण उत्तर शोधायला गेलं की दोघंही एकाच दारापाशी पोचतात: राज्याचं लायसन्स. हे लायसन्स म्हणजे काय, ते कोण देतं, आणि ते नसताना काम केलं तर काय होतं, हे मराठीत नीट सांगितलेलं मला फारसं दिसलं नाही, म्हणून हा लेख.

आधी आपल्याकडची पद्धत आठवू. भारतात स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्ट, म्हणजे श्रवण तपासणारे तज्ज्ञ, यांची नोंदणी भारतीय पुनर्वास परिषद करते. आपण तिला आरसीआय म्हणतो. १९९२च्या कायद्यानं तिला हे अधिकार मिळाले. बीएएसएलपी झालं की केंद्रीय नोंदवहीत नाव लागतं आणि एक नंबर मिळतो. वांद्र्याच्या अली यावर जंग संस्थेत शिकलेली मुलगी त्या एकाच नंबरावर नागपुरात काम करू शकते, पणजीत करू शकते आणि गुवाहाटीतही. शिवाय वाचा आणि श्रवण हे दोन्ही विषय एकाच पदवीत येतात, त्यामुळे एकच माणूस सकाळी ऑडिओमेट्री, म्हणजे ऐकण्याची तपासणी, करतो आणि दुपारी अडखळत बोलणाऱ्या मुलाची थेरपी घेतो.

अमेरिकेत या दोन्ही गोष्टी वेगळ्या आहेत. तिथे संपूर्ण देशासाठी एकच नोंदवही नाही. ५० राज्यं आणि वॉशिंग्टन डीसी मिळून ५१ कायदे, ५१ अर्जाचे नमुने. आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजी, म्हणजे आपली स्पीच थेरपी, व ऑडिओलॉजी हे दोन स्वतंत्र व्यवसाय आहेत. पदवी वेगळी, परीक्षा वेगळी, लायसन्सही वेगळं.

राज्यच का?

अमेरिकेची राज्यघटना केंद्र सरकारला जे अधिकार स्पष्टपणे देत नाही, ते राज्यांकडे आणि लोकांकडे राहतात. घटनेची दहावी दुरुस्ती हेच सांगते. लोकांचं आरोग्य आणि सुरक्षितता जपण्याचा अधिकार असा राज्यांचा. एकोणिसाव्या शतकात वेस्ट व्हर्जिनिया राज्यानं ठरवलं की परवान्याशिवाय वैद्यकी करता येणार नाही. फ्रँक डेंट नावाच्या माणसानं त्याला आव्हान दिलं. आपण आधीपासून वैद्यकी करत आलो आहोत, राज्य मध्ये पडणारं कोण, असा त्याचा मुद्दा होता. १८८९ साली सर्वोच्च न्यायालयानं राज्याच्या बाजूनं निकाल दिला. ज्या कामात चुकीमुळे माणसाच्या जिवाला धोका आहे आणि पेशंटला समोरच्याचं ज्ञान स्वतः तपासता येत नाही, तिथे आधी पात्रता सिद्ध करा असं राज्य म्हणू शकतं. डॉक्टर, नर्स, फिजिओथेरपिस्ट आणि पुढे आमचा व्यवसाय, सगळ्यांची लायसन्सं याच पायावर उभी आहेत.

आमच्या व्यवसायाचा नंबर बराच उशिरा लागला. व्यावसायिकांची राष्ट्रीय संघटना १९२५ साली सुरू झाली. तीच आजची अमेरिकन स्पीच-लँग्वेज-हिअरिंग असोसिएशन, म्हणजे आशा. पण राज्याचं लायसन्स पहिल्यांदा आलं ते १९६९ साली फ्लोरिडात. बाकीची राज्यं एकेक करत आली. काहींनी तर गेल्या वीस वर्षांत हा कायदा केला. आज सगळ्या राज्यांत दोन्ही व्यवसायांवर कायद्याचं नियंत्रण आहे.

बोलायला शिकवायला लायसन्स कशाला?

हा प्रश्न मला अगदी जवळच्या नातेवाइकांनीही विचारलेला आहे. स्पीच थेरपी म्हणजे बोबड्या मुलाला "कमळ, गवत" म्हणायला लावणं, अशी आपल्याकडे समजूत आहे. तेही आम्ही करतोच. पण हॉस्पिटलमधल्या स्पीच थेरपिस्टच्या दिवसाचा मोठा भाग बोलण्यात जात नाही, गिळण्यात जातो.

अर्धांगवायूचा झटका आलेल्या माणसाला आपण घोटभर पाणी देतो. त्याला ठसका लागत नाही, म्हणून घरच्यांना वाटतं सगळं ठीक आहे. पण घशाची संवेदना कमी झाली असेल तर पाणी श्वासनलिकेत उतरूनही ठसका लागत नाही. ते फुप्फुसात जातं आणि काही दिवसांत न्यूमोनिया होतो. हे डोळ्यांना दिसत नाही. त्यासाठी बेरियम मिसळलेलं अन्न देऊन हलता एक्स-रे काढावा लागतो, किंवा नाकातून दुर्बीण घालून घसा बघावा लागतो. मग कुणीतरी ठरवतं की या पेशंटला आज पाणी पातळ द्यायचं की घट्ट करून, खिचडी चालेल की नळीनंच अन्न द्यायचं, मान कशी ठेवून गिळायचं. हे ठरवणारी व्यक्ती बहुतेक वेळा स्पीच थेरपिस्ट असते. तिचा अंदाज चुकला तर माणूस आयसीयूत जातो.

ऑडिओलॉजिस्टचंही तसंच. नवजात बाळाची तपासणी चुकली आणि ऐकू न येणारं बाळ "नॉर्मल" ठरलं, तर भाषा शिकण्याची सगळ्यात मोलाची वर्षं हातातून जातात. कानात बसवलेल्या कॉक्लिअर इम्प्लांटचं मॅपिंग, म्हणजे ते पेशंटनुसार जुळवणं, चक्कर येण्याची तपासणी, मशीनचा आवाज किती वाढवायचा म्हणजे उरलेलं ऐकणं बिघडणार नाही, यातलं काहीही पेशंट स्वतः तपासून बघू शकत नाही. लायसन्स पेशंटच्या वतीनं हे तपासतं. व्यावसायिकाच्या मानासाठी ते नाही.

पदवी, परीक्षा, आणि मधलं ते वर्ष

आता मुंबईच्या मुलाकडे येते. त्यानं एका परीक्षेबद्दल विचारलं होतं. परीक्षा आहे, पण ती वाटेतला एकच टप्पा आहे.

स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीत मास्टर्स लागतं. बीएएसएलपीवर काम भागत नाही. मास्टर्स साधारण दोन वर्षांचं, आणि कार्यक्रम मान्यताप्राप्त हवा. ही मान्यता आशाशी जोडलेली एक परिषद देते. शिकत असताना ४०० तासांचं क्लिनिकल काम पूर्ण करायचं असतं. त्यातले २५ तास निरीक्षणाचे आणि ३७५ तास प्रत्यक्ष पेशंटबरोबर, तेही देखरेखीखाली. किमान ३२५ तास मास्टर्सच्या पातळीवर व्हावे लागतात, म्हणजे बीएएसएलपीच्या इंटर्नशिपचे सगळे तास तिथे चालत नाहीत.

परीक्षेचं नाव प्रॅक्सिस. स्पीचसाठी १३२ प्रश्न, अडीच तास, १०० ते २०० या पट्टीवर गुण, आणि आशाच्या प्रमाणपत्रासाठी १६२ लागतात. बहुतेक राज्यं तोच आकडा धरतात. परीक्षा अवघड आहे, पण मास्टर्स नीट केलेल्या मुलांना ती जमते. मला त्याहून काळजी वाटते ती तिच्या पुढच्या टप्प्याची.

तो टप्पा म्हणजे क्लिनिकल फेलोशिप. आम्ही सगळे त्याला सीएफ म्हणतो. पदवी हातात आलेली असते, पगार मिळत असतो, पण तुम्ही अजून पूर्ण थेरपिस्ट नसता. आशाच्या नियमानुसार किमान ३६ आठवडे पूर्णवेळ, एकूण १,२६० तास. त्यातलं ८० टक्के काम थेट पेशंटशी निगडित हवं. अनुभवी मेंटर तुमच्यासोबत असतो. तो तुमचं काम प्रत्यक्ष बघतो, त्याचे किमान १८ तास. शिवाय चर्चा, रिपोर्ट तपासणं, फोन, यांचे वेगळे १८. चांगला मेंटर मिळाला तर या नऊ महिन्यांत माणूस घडतो. वाईट मिळाला तर फक्त फॉर्मवर सह्या होतात. नोकरीच्या मुलाखतीत पगाराआधी "माझा मेंटर कोण असेल आणि तो याच इमारतीत बसतो का" हे विचारा, असं मी प्रत्येक विद्यार्थ्याला सांगते.

बहुतेक जण अडखळतात ते इथेच. सीएफ करताना तुम्ही पेशंट तपासता. म्हणजे राज्याच्या दृष्टीनं तुम्ही प्रॅक्टिस करता. म्हणजे त्या वर्षासाठीसुद्धा लायसन्स लागतं! प्रत्येक राज्यात त्याचं नाव निराळं. टेक्सासमध्ये इंटर्न लायसन्स, कॅलिफोर्नियात आवश्यक व्यावसायिक अनुभवाचं तात्पुरतं लायसन्स, न्यू जर्सीत टेम्पररी लायसन्स. ते हातात येण्याआधी केलेले तास मोजले न जाण्याचा धोका असतो, आणि विनापरवाना काम केल्याचा ठपका येतो तो वेगळाच.

माझ्या वेळी कागद यायला कित्येक आठवडे लागले. हॉस्पिटलनं नोकरी दिलेली, बॅज तयार, आणि मी रोज कोपऱ्यात उभी राहून दुसऱ्यांचं काम बघायची. एक आजोबा मला हिंदी येतं म्हणून माझ्याशीच बोलायचे. इंग्रजी झटक्यानंतर हरवलं होतं, हिंदी थोडं उरलं होतं. मला त्यांच्याशी गप्पा मारता येत होत्या, पण थेरपी देता येत नव्हती. तेव्हा फार राग आला. नियमाचा नाही, दिरंगाईचा. आजही वाटतं की ज्या राज्यांत थेरपिस्टची वानवा आहे त्यांनी निदान तात्पुरते अर्ज तरी लवकर हातावेगळे करावेत.

परदेशी विद्यार्थ्याला ही दिरंगाई जास्त महागात पडते. शिक्षणानंतर व्हिसाच्या नियमानुसार कामाची जी मुभा मिळते, ज्याला ओपीटी म्हणतात, ती सर्वसाधारणपणे १२ महिन्यांची. त्यात ९० दिवसांपेक्षा जास्त बेकार राहता येत नाही. सीएफला ३६ आठवडे लागतात. गणित जेमतेम बसतं. म्हणून पदवीच्या शेवटच्या सत्रातच, ज्या राज्यात नोकरी घ्यायची तिथल्या लायसन्स देणाऱ्या बोर्डाचे फॉर्म, बोटांचे ठसे, विद्यापीठाचे कागद यांची तयारी सुरू करायला हवी.

आणि एक गोष्ट भारत सोडण्यापूर्वी करायची. आशाला पदवीच्या कागदांवर जीवशास्त्र, भौतिक किंवा रसायनशास्त्र, संख्याशास्त्र आणि समाजशास्त्र किंवा मानसशास्त्र असे विषय दिसावे लागतात. आपल्या मार्कशीटवर हे विषय कधीकधी दुसऱ्याच नावाखाली असतात. त्या त्या वर्षाचा छापील अभ्यासक्रम कॉलेजच्या शिक्क्यासह घेऊन ठेवा. चार वर्षांनी अमेरिकेत बसून तो मागवणं म्हणजे डोकेदुखी.

ज्यांचं मास्टर्सही भारतातच झालं आहे, त्यांची वाट जास्त खडतर. आशाचा परस्पर मान्यतेचा करार कॅनडा, ब्रिटन, आयर्लंड, ऑस्ट्रेलिया आणि न्यूझीलंडच्या संघटनांशी आहे. भारत त्यात नाही. आणि तो करारही आशाच्या प्रमाणपत्रापुरताच आहे, राज्याच्या लायसन्सला त्यानं आपोआप काही मिळत नाही. शिक्षण समतुल्य आहे हे विषयवार दाखवावं लागतं आणि कमी पडलेले विषय पुन्हा करावे लागतात. शिवाय १९९६च्या इमिग्रेशन कायद्यानं नर्स, फिजिओथेरपिस्ट वगैरेंबरोबर स्पीच थेरपिस्ट आणि ऑडिओलॉजिस्टनाही नोकरीच्या व्हिसासाठी किंवा ग्रीन कार्डासाठी वेगळं आरोग्य-व्यावसायिक प्रमाणपत्र सक्तीचं केलं आहे. व्हिसास्क्रीन या नावानं ते ओळखलं जातं. लायसन्स राज्याचं, व्हिसा केंद्राचा. एक मिळालं म्हणून दुसरं मिळेलच असं नाही.

सीसीसी म्हणजे लायसन्स नव्हे

सगळ्यात जास्त गोंधळ इथे होतो, शिकलेल्या लोकांचाही. सीएफ झालं, प्रॅक्सिस झाली, की आशा एक प्रमाणपत्र देते. नावापुढे सीसीसी, म्हणजे क्लिनिकल सक्षमतेचं प्रमाणपत्र, असं लावता येतं. ते मानाचं आहे, अनेक हॉस्पिटलं, शाळा आणि विमा कंपन्या ते मागतात. पण आशा ही व्यावसायिकांची संघटना आहे, सरकार नाही. तिचं प्रमाणपत्र सांगतं की या व्यक्तीनं व्यवसायाची मानकं पूर्ण केली आहेत. काम करण्याची परवानगी ते देत नाही. ती फक्त राज्य देतं.

उलट बाजूही खरी. नुसतं राज्याचं लायसन्स असेल आणि सीसीसी नसेल, तर त्या राज्यात काम करणं कायदेशीर आहे. मात्र काही नोकऱ्या मिळणार नाहीत, आणि दुसऱ्या राज्यात जायचं झालं की जास्त कागद जमवावे लागतील, कारण शिक्षण, परीक्षा आणि अनुभव यांचा एकत्रित पुरावा म्हणून बरीच राज्यं सीसीसी मान्य करतात.

चूक झाली तरी दोघांचे हात वेगवेगळ्या अंतरापर्यंत पोचतात. आशा प्रमाणपत्र काढून घेऊ शकते. राज्याचं बोर्ड लायसन्स स्थगित किंवा रद्द करू शकतं, दंड करू शकतं, आणि विनापरवाना प्रॅक्टिस हा राज्याच्या कायद्यानं गुन्हा ठरू शकतो. आपल्या आरसीआय कायद्यातही नोंदणीशिवाय काम करणाऱ्याला एक वर्षापर्यंत कैद किंवा हजार रुपयांपर्यंत दंड, किंवा दोन्ही, अशी शिक्षा आहे. ती किती जणांना होते हा वेगळा विषय, पण कायदा आहे.

शाळांचा मामला आणखी निराळा. अमेरिकेत स्पीच थेरपिस्टचा फार मोठा वर्ग सरकारी शाळांत काम करतो, आणि शाळांवर शिक्षण खात्याचा अधिकार चालतो. त्यामुळे अनेक राज्यांत शाळेत काम करायला शिक्षकांसारखं वेगळं प्रमाणपत्र लागतं. न्यू जर्सीत त्या पदाला स्पीच-लँग्वेज स्पेशालिस्ट म्हणतात. कॅलिफोर्नियात शिक्षकांना प्रमाणपत्रं देणारा आयोगच हे देतो. म्हणजे तीच थेरपिस्ट सकाळी शाळेत एका कागदावर आणि संध्याकाळी खासगी क्लिनिकमध्ये दुसऱ्या कागदावर काम करत असते. केंद्र सरकारच्या निवृत्त सैनिकांच्या हॉस्पिटलांमध्ये मात्र कुठल्याही एका राज्याचं लायसन्स चालतं.

राज्याराज्यांतले फरक सांगायला बसलं तर संपणार नाहीत. टेक्सासमध्ये राज्याच्या नियमांवरची वेगळी परीक्षा द्यावी लागते. न्यूयॉर्कमध्ये हे काम आरोग्य खात्याकडे नाही, शिक्षण खात्याच्या व्यवसाय विभागाकडे आहे. लायसन्स टिकवायला सतत शिकत राहावं लागतं. कॅलिफोर्नियात दोन वर्षांत २४ तास, टेक्सासमध्ये दोन वर्षांत २०, न्यूयॉर्कमध्ये तीन वर्षांत ३०. आणि सीसीसीसाठी तीन वर्षांत ३० तास ते वेगळेच, पण एकच कोर्स बहुधा दोन्हीकडे दाखवता येतो.

ऑडिओलॉजिस्टचं थोडक्यात

ऑडिओलॉजीला आता मास्टर्स पुरत नाही. आशाच्या प्रमाणपत्रासाठी २०१२ पासून डॉक्टरेट लागते. ही पीएचडी नव्हे, एयूडी नावाची व्यावसायिक पदवी, साधारण चार वर्षांची. शेवटचं वर्ष पूर्ण क्लिनिकल असतं, म्हणून पदवीनंतर वेगळं सीएफ नसतं. प्रॅक्सिसही स्वतंत्र.

श्रवणयंत्रं विकण्याच्या बाबतीत राज्यं पुन्हा वेगळी वागतात. कॅलिफोर्नियात यंत्रं देणाऱ्या ऑडिओलॉजिस्टचं लायसन्स निराळं आहे आणि त्यासाठी परीक्षाही. शिवाय ऑडिओलॉजिस्ट नसलेले पण यंत्रं बसवून देण्याचा परवाना असलेले लोकही असतात. पाटी नीट वाचायला हवी.

मुलाकडे सहा महिने राहायला आलेल्या आईवडिलांसाठी एक माहिती: १७ ऑक्टोबर २०२२ पासून सौम्य ते मध्यम बहिरेपणा जाणवणाऱ्या प्रौढांना काही श्रवणयंत्रं दुकानात थेट विकत मिळतात, तपासणी किंवा चिठ्ठीशिवाय. १८ वर्षांखालच्या मुलांसाठी ती नाहीत. आणि एकाच कानानं अचानक ऐकू येईनासं झालं किंवा चक्कर येत असेल, तर दुकानात न जाता डॉक्टरांकडे जावं. अचानक गेलेलं ऐकणं परत मिळवण्यासाठी पहिले दिवस फार महत्त्वाचे असतात.

राज्य बदललं तर?

नवऱ्याची बदली ओहायोतून कॅलिफोर्नियात झाली की बायकोनं सगळे कागद पुन्हा काढायचे, नवं लायसन्स येईपर्यंत घरी बसायचं. माझ्या कितीतरी मैत्रिणींनी हे सोसलं आहे. यावर उपाय म्हणून राज्यांनी आपसांत एक करार केला, ऑडिओलॉजी आणि स्पीच लँग्वेज पॅथॉलॉजीचा आंतरराज्य करार. दहा राज्यांनी आपापल्या विधिमंडळात मंजूर केल्यावर तो लागू होणार होता, आणि २०२१ मध्ये तो आकडा पूर्ण झाला. त्यानंतर आणखी राज्यं येत गेली आणि संख्या तिसाच्या पुढे गेली.

हा करार म्हणजे देशभराचं एकच लायसन्स, असा अर्थ बरेच जण काढतात. तसं नाही. तुमच्या राहत्या राज्याचं स्वच्छ लायसन्स असेल, तर करारातल्या दुसऱ्या राज्यात काम करण्याचा विशेषाधिकार मागता येतो. तो मिळाल्यावर नियम पाळायचे ते त्या दुसऱ्या राज्याचे, आणि तक्रार झाली तर ती तिथलं बोर्डही चालवू शकतं. राहतं राज्य करारात नसेल तर दार बंद. भारतातून थेट या करारात शिरायला वाट नाही.

आता झूमचा प्रश्न

ऑनलाइन थेरपीत प्रॅक्टिस नेमकी कुठे घडते? थेरपिस्ट बसली आहे पुण्यात, मूल आहे न्यू जर्सीत. अमेरिकेतल्या राज्यांचं सर्वसाधारण धोरण असं आहे की पेशंट जिथे बसला आहे तिथे प्रॅक्टिस घडते. काही राज्यांनी थोड्या दिवसांची सवलत किंवा टेलिप्रॅक्टिससाठी वेगळी नोंदणी ठेवली आहे, पण पाया हाच. म्हणून न्यू जर्सीतल्या मुलाला थेरपी द्यायची तर न्यू जर्सीचं लायसन्स हवं. मग थेरपिस्ट पुण्याची असो, कॅलिफोर्नियाची असो की नदीपलीकडच्या न्यूयॉर्कची.

त्या आईला हे पटलं नाही. "अहो, पण ती बाई इतकी चांगली आहे!" ती चांगली आहे याबद्दल मला शंका नव्हती. पण उद्या काही बिनसलं तर तक्रार कुणाकडे करायची? न्यू जर्सीच्या बोर्डाला पुण्यातल्या थेरपिस्टला जाब विचारता येत नाही, आणि आरसीआयकडे दाद मागायची तर हे काम भारतात झालं की नाही इथपासून वाद. त्या थेरपिस्टच्या डोक्यावर परक्या राज्यात विनापरवाना काम केल्याचा धोका, आणि विमा कंपनी एक पैसा देणार नाही ते निराळंच.

त्या आईची गरज मात्र खोटी नव्हती. मूल मराठीत किती बोलतं हे इंग्रजीतून कसं कळणार? इथल्या बहुतेक चाचण्या फक्त इंग्रजी बोलणाऱ्या मुलांवर बेतलेल्या आहेत. मुलाला इंग्रजीत पंधरा शब्द येतात आणि मराठीत वीस वेगळे, तर त्याचा साठा पस्तीसचा. नुसते इंग्रजी मोजले तर तो पंधराचा ठरतो. उच्चारांचंही तसंच. मराठीत "व" एकच आहे, इंग्रजीत दोन. आपला "ट" जीभ मागे वळवून येतो, त्यांचा दातांच्या जरा मागून. मराठी घरातलं मूल इंग्रजीचे दोन "व" सारखेच म्हणत असेल तर तो फरक आहे, दोष नाही. फरक आणि दोष वेगळे ओळखणं हे आमच्या व्यवसायातलं सगळ्यात नाजूक काम आहे, असं मला वाटतं. ते येत नसेल तर धडधाकट मुलाच्या कपाळी आजाराचा शिक्का बसतो, किंवा खरी अडचण "दोन भाषांमुळे होतं असं" म्हणून वर्षानुवर्षं दुर्लक्षली जाते. आणि कुणी "घरात मराठी बंद करा" असा सल्ला दिला तर तो ऐकू नका. दोन भाषांमुळे भाषेचा विकार होत नाही.

इथे केंद्राचा कायदा पालकांच्या मदतीला येतो. अपंग मुलांच्या शिक्षणाच्या कायद्यानुसार तीन वर्षांवरच्या मुलाची तपासणी सरकारी शाळा यंत्रणेनं फुकट करायची असते, मूल त्या शाळेत जात नसलं तरी. आणि शक्य असेल तिथे ती मुलाच्या मातृभाषेतून व्हावी असं त्यात स्पष्ट लिहिलं आहे. मराठी थेरपिस्ट नसेल तर दुभाषा मागता येतो. विनंती लेखी द्यायची आणि तारखेसकट प्रत जपून ठेवायची, कारण तिथून मुदतीचं घड्याळ सुरू होतं.

कुठल्याही थेरपिस्टचं लायसन्स तपासायला दोन मिनिटं लागतात. प्रत्येक राज्याच्या बोर्डाच्या संकेतस्थळावर नाव टाकलं की लायसन्स चालू आहे का, कधी संपतं आणि कारवाई झाली आहे का हे दिसतं. यात संकोच वाटून घेऊ नका. मला कुणी लायसन्स नंबर विचारला तर मी आनंदानं देते.

शेवटी त्या आईनं शाळेला पत्र दिलं, आणि न्यू जर्सीचं लायसन्स असलेली एक थेरपिस्ट शोधली. तिला मराठी येत नाही, पण ती आईला सत्रात बसवून मराठी शब्द लिहून घेते. उन्हाळ्याच्या सुट्टीत मायलेक दोन महिने पुण्याला जाणार होते. मी म्हटलं, आता खुशाल जा तुझ्या त्या थेरपिस्टकडे. पेशंट पुण्यात, थेरपिस्टचा आरसीआय नंबर आहे, सगळं चोख. तिच्याकडून मराठीतली पूर्ण तपासणी करून घे आणि रिपोर्ट इंग्रजीत मागून आण. शाळेच्या टेबलावर तो ठेवला की पस्तीस शब्दांतले वीस पुन्हा हरवणार नाहीत. फक्त त्या दोन महिन्यांत न्यू जर्सीच्या थेरपिस्टबरोबरची झूमची सत्रं बंद ठेव. मूल तेव्हा भारतात असेल, आणि तिचं लायसन्स न्यू जर्सीपुरतं आहे.